नावानं हाक

माझा बापूस जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर राबला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की उत्तनच्या आमच्या घरात एकाच वेळची चूल पेटायची. आवस, म्हणजे आई, सुकटीचं टोपलं डोक्यावर घेऊन भाईंदरपर्यंत पायी जायची. तिथं ओटीवरून बाया सांगायच्या, "कोळणी, पायरीखाली बस. वास येतो." ती बसायची. ऐकायची सवय आम्हाला होती. सांगायची नव्हती.

त्या घरातून मी पहिला कॉलेजात गेलो. मुंबईला मामाच्या खोलीवर राहायचो. कॉलेजच्या मुरमाच्या मैदानावर बास्केटबॉल चालायचा. तो मला आला. चांगला आला.

दुसऱ्या वर्षी गार्ड निवडायचा होता. बास्केट करणारे दुसरे असतात. कोणी कुठं धावायचं, कधी थांबायचं, हे गार्डनं बघायचं आणि ओरडून सांगायचं. सगळी चढाई त्याच्या तोंडावर चालते. खेळाच्या सरांनी प्रत्येक नव्या पोराला जुन्या खेळाडूंचा संघ चालवायला दिला.

माझी पाळी आली. डावा कोपरा मोकळा दिसला. मी ओरडलो, "प्रभाकर, डावीकडे!"

प्रभाकर संघाचा कप्तान. बॅरिस्टरचा मुलगा. तो हललाच नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "प्रभाकर कोणाला म्हणतोस रे? बोंबलाच्या टोपलीतून उठलास, आणि मला नावानं हाक मारतोस?"

सगळे हसले. मी फेकलेला चेंडू रिकाम्या कोपऱ्यातून बाहेर गेला. पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. मागून कोणीतरी बायकी आवाज काढला, "बोंबील घ्या, बोंबील!"

सर जवळ आले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तेच जास्त लागलं. "पळतोस छान. हातही चांगला. पण गार्डचं सगळ्यांनी ऐकावं लागतं, आणि तुझं कोणी ऐकत नाही. तू मागं राहा, अडव. खेळ चालवणं तुझं काम नाही."

"बरं, सर," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून. पायरीखाली बसणारं तोंड होतं ते.

सुट्टीला घरी आलो आणि बापसाबरोबर होडीवर गेलो. माझा धाकटा काका त्या होडीचा तांडेल. होडी त्याच्या शब्दावर चालायची. किनाऱ्यावर हा काका बापसाला दादा म्हणणार, त्याच्यापुढं बसणारही नाही. पण होडी पाण्यात गेली की, "नामा, दोर सोड! नामा, झोपलास काय?" बापूस निमूट दोर सोडायचा. लहानपणापासून बघत आलो होतो. कधी विचार केला नव्हता.

"बा, काका नावानं ओरडतो. तुला लागत न्हाय?"

बापूस हसला. "लावून घेत बसलो तं होरी बुरंल. त्याला म्होरचं दिसतंय, म्हून तो सांगतंय. आपुन हलायचं."

माझं डोकं तापलं. स्वतःवरच. म्हणजे त्या दिवशी मैदानावर होडी बुडवली कोणी? आणि "बरं, सर" कोण म्हणालं?

परत गेलो तो थेट सरांपुढं उभा राहिलो. "सर, त्या दिवशी हलले नाहीत ते, आणि नापास मी? मला परत खेळवा."

सरांनी जुन्यांचा संघ पुन्हा मैदानावर उभा केला. मग त्यांनी चेंडू माझ्याकडे टाकला.

"प्रभाकर, डावीकडे."

तो उभाच. या वेळी मी चेंडू फेकला नाही. समोरचा अंगावर आला, त्याला पाठ दिली आणि टप्पा मारत राहिलो. "तू हललास की चेंडू येईल. तोवर नाही."

"साहेब म्हण आधी."

"बाहेर तू कोणाचाही मुलगा अस. या रेषेच्या आत प्रभाकर."

कोणी हसलं नाही. सरांनी शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही. मी टप्पा मारतोय. ऊन डोक्यावर. शेवटी त्याच्याच एका दोस्तानं तोंड उघडलं, "अरे प्रभ्या, जा ना बाबा! आम्हाला कशाला उन्हात वाळवतोस?"

तो गेला. लाल तोंडानं, पण गेला. तो पोचायच्या आत चेंडू तिथं होता. बास्केट झाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याची गरजही नव्हती.

आज मी भाईंदरला मास्तर आहे. संध्याकाळी उत्तनला पोरांचा संघ उभा करतो. जुनी डोलकाठी रोवून तिला लोखंडी कडं ठोकलंय. शेजारच्या डोंगरी गावची पोरं येतात, भाईंदरच्या शेठांचीही येतात. गार्ड निवडताना मी दोन गोष्टी बघतो. त्याला मोकळी जागा दिसते का, आणि दिसल्यावर तो हाक मारतो का. हाकेला कोण हलत नाही, तेही बघतो. त्याला बाहेर बसवतो.

परवा एक शेठ आले. "मास्तर, माझा मुलगा बाहेर का?"

"गार्डनं हाक मारली, तो हलला नाही."

"गार्ड कोणाचा पोरगा?"

"विचारलं नाही. विचारणारही नाही."

प्रभाकर हलला, त्या वर्षी कॉलेजचा गार्ड मी झालो. बी. ए. होईपर्यंत त्या संघाचा खेळ मीच चालवला, प्रत्येकाला नावानं हाक मारून.