पाच गुणांचं उत्तर

माझं माहेर सावरगाव अन् सासर पांढुर्णा. मधात जाम नदी. माहेरी जायले पायी पाच मिनिटं लागते, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन दाखवा! त्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड गाडते, त्याले झेंडा बांधते, अन् दोन्ही गावं दोन काठांवरून एकमेकाले गोटे मारते. पांढुर्ण्यानं झाड तोडून झेंडा आणला का खेळ संपला. डोकी फुटते, तरी परंपरा आहे म्हणते. आपलेच दात अन् आपलेच ओठ! सावरगावच्या काठावरचं पहिलं घर माझ्या भावाचं, मनोहरचं. तो शिंपी आहे. गोटमार खेळत नाई, फक्त त्या दिवशी मशीन आतल्या खोलीत सरकवते.

आमचे हे, प्रकाश मास्तर, बत्तीस वर्षांपासून शाळेत इतिहास शिकवून राहिले. शांत माणूस, इतका शांत का मलेच राग येते. दहावीले दुसऱ्या महायुद्धाचा धडा असते. ‘अमेरिकेने जपानवर अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय का घेतला?’ पाच मुद्दे, पाच गुण. हे ते पाठ करून घेते. मग पुस्तक मिटून, बॉम्ब पडला त्या शहरातल्या लोकायचं सांगाले लागते. सकाळी शाळेत निघालेली लेकरं, दुकान उघडून राहिलेला माणूस. तेव्हा हटकून कोणी तरी विचारते, “सर, हे परीक्षेत येते काय?” हे खरं बोलते, “नाई.” का झाले सगळ्यायचे पेन बंद! मग घरी येऊन माझ्यापाशी कुरकुर करते. मी म्हणते, मले सांगून काय फायदा, मी काय बॉम्ब टाकून राहिली?

प्रवीण त्यायचा लाडका विद्यार्थी. त्या प्रश्नाले त्याले पाचपैकी पाच होते. आता चोवीस वर्षांचा घोडा झाला, सौंसरले कारखान्यात नोकरी करते अन् गोटमारले सुट्टी घेऊन येते. यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी आमच्या घरी आला, चहा पेला, अन् पिशवीतून गोफण काढली. नायलॉनची दोरी, मधात चामडं. हातानं मारलेला गोटा बहुतेक नदीतच पडते. गोफणीतला पल्याडच्या घरावर जाते, म्हणून तिच्यावर बंदी आहे. पल्याडचं पहिलं घर कोणाचं?

“ठेव ते,” हे म्हणाले.

“सर, दरसाली संध्याकाळपर्यंत चालते. दोन्हीकडचे शेकडो फुटते. गोफणीचे वीस गोटे गेले का ते लोकं मांगं सरकते, आपण झाड तोडतो, खतम! एकूण कमी लोकं फुटते.” मग गडी बोटावर मुद्दे मोजाले लागला. “लढाई लांबली असती. दोन्हीकडचे जास्त मेले असते. शत्रू हार मानत नव्हता. तुम्हीच शिकवलं ना, सर?”

ह्यायचं तोंड उतरलं. “अरे, ती बॉम्ब टाकणाऱ्यायनं सांगितलेली कारणं होती. बरोबर होती असं मी कधी म्हटलं?”

“पाचपैकी पाच तं तुम्हीच देल्ले.”

“त्याच्यापुढचंही सांगितलं होतं. आठवते काय?”

“ते परीक्षेत नव्हतं, सर.”

माझा पारा चढला. “भैताडा! ज्या साली झाड तुटत नाई, त्या साली दोन्हीकडची जुनी माणसं संध्याकाळी बसते. सावरगाववाले झेंडा देऊन टाकते, अन् सारे मिळून चंडीमातेच्या देवळात नेते. बसून संपते ना?”

“संध्याकाळपर्यंत कोण थांबते, काकू? दगडापेक्षा वीट मऊ.”

“ज्याच्या डोक्शात पडते त्याले विचार, मऊ आहे का!”

तो हसला. काकूचं कोण मनावर घेते? हे त्याच्या घरी तीन चकरा मारून आले. तो “हाव सर, हाव सर” म्हणे. पालथ्या घड्यावर पाणी. मी मनोहरले फोन केला, दोन दिवस आमच्याकडे ये. तो म्हणाला, “ताई, कामं अडली आहे. मी आतच बसतो ना.”

गोटमारच्या दिवशी दुपारी दोनलेच गोटे थांबले. थोड्या वेळानं प्रवीण पेढ्याचा डबा घेऊन दारात. “सर, दोन वाजताच संपलं! दवाखान्यात पहा, दरसालच्या अर्धेही लोकं नाई.” तेवढ्यात माझा फोन वाजला. मनोहरची पोरगी उर्वशी होती. तिले रडू आवरत नव्हतं. बाप खिडकी लावाले उठला, अन् गोटा सरळ डोळ्यावर.

त्या दिवशी नदी ओलांडून जाणारे गोटे एकाच्याच हातचे होते.

“मी तं झाडाच्या अंगानं मारत होतो,” प्रवीण म्हणाला. “घर दिसलंच नाई.”

“दिसलं नाई? ज्यानं तुझी शाळेची पहिली पँट शिवली, त्याचं घर तुले दिसलं नाई?” मी डबा अंगणात फेकला. तो रडला. रडो! मास्तर सांडलेले पेढे वेचाले बसले, अन् त्याचा मले जास्त संताप आला. नागपूरले नेलं मनोहरले. उजवा डोळा गेला.

दरसाली दिवाळीले मनोहर ह्यायले शर्ट शिवून देते. मी यंदा नको म्हटलं होतं, तरी धाडला. कॉलर एकीकडे, काजं एका रेषेत नाई. हे तोच घालून शाळेत गेले. त्याच दिवशी तो धडा होता.

संध्याकाळी आले अन् खाटेवर बसले. पोरं शर्ट पाहून हसली, म्हणे. ह्यायनं हसू देल्लं. पाचही मुद्दे सांगितले, मग मनोहरचं सांगितलं. त्याचं नाव, घर, खिडकी, सगळं. अन् म्हणाले, हा सहावा मुद्दा, लिहून घ्या.

“मग?” मी विचारलं.

“एका पोरीनं विचारलं, परीक्षेत येते काय म्हणून.”

“एक दिवस हाव म्हणायले काय झालं होतं तुम्हाले?”

“खोटं कसं बोलू, कुसुम?” हे वाकडी बटनं एकेक काढत होते. “नाई म्हटलं.”

“मग लिहिलं कोणी?”

“कोणीच नाई. पेन बंद.”