घरमालकांचं रक्तचंदन

समोरच्यानं श्वास घेतला तरी तो कशासाठी घेतला असा संशय येणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे मारुंजीतले आमचे घरमालक. दूध चांगलं निघालं की ते दूधवाल्याला अडवत. "आज येवढं घट्ट? काय मागायचंय?" मला न्यायला येणारी कंपनीची कॅब वेळेवर आली, तर गाडीभोवती फेरी मारून ड्रायव्हरला विचारत, "हिंजवडीत ट्रॅफिक न्हाई? का न्हाई?"

इमारतीमागं त्यांचं रक्तचंदनाचं झाड होतं. ही जात संपत चाललीय, लाकडासाठी चोर अख्खं झाड नेतात, असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांनी झाडाभोवती काटेरी तार ओढली आणि शेजारी खुर्ची टाकून पहारा सुरू केला. एका सकाळी माझी बायको त्या तारेपाशी गुडघे टेकून मोबाईलवर फोटो काढताना त्यांना दिसली.

"फोटू कुणाला धाडताय? झाड न्यायला कवा येणारेत ती?" ते कडाडले. "आजच खोली खाली करा!"

आधीच घरं मिळायची मारामार. बायकोनं मात्र शांतपणे मोबाईल पुढं केला. फोटोत तारेलगत टाकीच्या गळतीनं साचलेल्या डबक्यावर एक निळी, काडीसारखी टाचणी, म्हणजे चतुरासारखाच पण बारीक किडा, पंख मिटून बसली होती.

"हिला लई किंमत हाय का?"

"छे हो काका, कुठल्याही डबक्यावर दिसते."

"मग फोटू कशापायी?"

"तुमचं झाड दुर्मिळ, त्याला सगळे जपतात. ही ढीगभर, म्हणून हिच्याकडं कुणी बघतच नाही. आणि बिचारी जगते किती, थोडेच दिवस."

फुकट कुणी कशाला काय बघंल, हे कोडं काही त्यांना सुटेना. बायकोचा डाव ओळखायला ते स्वतःच टाचण्यांवर नजर ठेवू लागले. हळूहळू खुर्चीची पाठ झाडाकडं आणि तोंड डबक्याकडं झालं. खोली खाली करायचा विषय निघेनासा झाला. स्वतःच बोलावलेल्या प्लंबरला त्यांनी हाकलून लावलं. "गळती बंद करून तुझा काय फायदा?"

पुढं आम्ही ताथवड्याला राहायला गेलो. निघताना त्यांनी आमची एकूण एक पिशवी उघडून पाहिली. मग परवा अचानक बायकोला त्यांचा फोन आला.

"ताई, टाचण्या आल्यात. लई हायत. पर एकट्यानं बघाया बरं वाटत न्हाई. येऊन जावा." मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "दुसरं कोण ऐकत न्हाई ना?"