ब्युकलिंग कुणापुढे वाकतो?

रोहिणी पेडणेकर मूळची वेंगुर्ल्याची, आता लुडविग्सहाफेनच्या एका रसायन कंपनीत केमिस्ट. शनिवारच्या बाजारात माशांची गाडी लागते, तिथली तिची फेरी सहसा चुकत नाही. गाडीवाले वेंड्ट तिला लांबूनच ओळखतात. माशाचे कल्ले उचकटून बघणारं दुसरं गिऱ्हाईक त्यांना नाही.

नवीनच आली होती तेव्हा तिला तिथे धुरी दिलेले सोनेरी हेरिंग दिसले, आपल्या पेडव्यांचे थोराड भाऊच. पाटीवर नाव होतं ‘ब्युकलिंग’. हा शब्द ती जर्मनच्या क्लासात शिकली होती. ब्युकलिंग म्हणजे आदराने कमरेत वाकणं.

“हा कुणापुढे वाकतो?” तिने विचारलं.

“गिऱ्हाइकापुढे! धुरात टांगला की वाकतो, म्हणून ब्युकलिंग,” असं म्हणून वेंड्टनी एप्रन सावरत झकास वाकून दाखवलं.

रोहिणीला ही गोष्ट भलतीच आवडली. लॅबमध्ये, पाहुण्यांना, फोनवर आईला, तिने ती सगळ्यांना सांगितली. मुलगी उर्जा तर ती ऐकतच मोठी झाली.

मग सहावीत उर्जाचं हेरिंगवर रेफरात आलं, म्हणजे वर्गापुढे बोलायचं. तिने ही गोष्ट सांगितली, वाकूनही दाखवलं. मुलं खूश. बाई म्हणाल्या, “छान, पण खरं नाही. मासा वेगळा, वाकणं वेगळं. माशाचं नाव ‘बॉक’वरून पडलं. त्याला बॉकसारखा वास येतो ना!”

उर्जा घरी आली ती दप्तर आपटतच. “ममा, सगळे हसले मला!” ती जर्मनमध्ये ओरडली.

“अगं, मला वेंड्टनीच सांगितलं होतं!”

रोहिणीने शब्दकोश उघडला. बाईंचंच बरोबर होतं. बाटलीवरच्या लेबलावरही विश्वास न ठेवणारी आपण, आणि हे मात्र मुकाट्याने गिळलं! तिला लेकीपुढे ओशाळल्यासारखं झालं.

शनिवारी ती उर्जाला घेऊनच गाडीवर गेली. झालेलं ऐकून वेंड्टचे कान लाल झाले. “माझे आजोबा असंच सांगायचे. मी कधी शोधलंच नाही. सॉरी हं, उर्जा.”

रोहिणीने एक ब्युकलिंग उचलला, नाकाशी धरला, आणि तिला हसूच फुटलं. “अहो, बॉकला आमच्याकडे बोकड म्हणतात! वासही तस्साच!”

“बो-काट?” वेंड्टनी प्रयत्न केला.

“नाईन, तसं नाही! बो-कड,” उर्जाने त्यांना दुरुस्त केलं. तीनदा म्हणवून घेतलं, चौथ्यांदा ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. वेंड्टनी पाटीवर खडूने रोमन अक्षरांत ‘बोकड’ लिहिलं आणि एक जास्तीचा मासा कागदात बांधून दिला.

परतताना ट्राममध्ये गर्दी होती, तरी मांडीवरच्या पुडक्याच्या वासाने मायलेकींच्या समोरची दोन्ही आसनं रिकामीच राहिली. उर्जाने खुशाल पाय पसरले.