लाल असला तरी पुढे जावे

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, हे नारायणगुड्यातल्या आमच्या अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. आमच्या टीव्हीवर कोणती मालिका चालू आहे ते वरच्या मजल्यावरचे लोक घरबसल्या सांगू शकतात. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या आत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला. ती उदगीरला असते. "आक्काला सांगायचं नाही," असं बाबांनी मला बजावून ठेवलं होतं. ती त्यांच्याहून बरीच मोठी, आणि तिचे कान अजून तिखट. तिच्याआधी आपले कान गेले याची बाबांना लाज वाटायची.

आत्या दुपारी फोन करायची, मी ऑफिसात असताना. बाबांच्या कानातलं मशीन फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. म्हणून ते मशीन काढून ठेवायचे आणि ती बोलायची थांबली की अंदाजाने "हौ, हौ" म्हणायचे. पुढे पुढे तेही जमेना. मग फोन वाजला की ते गच्चीवर कपडे आणायला निघून जायचे. कपडे मी सकाळीच आणलेले असायचे.

आत्या मला म्हणायची, "तुझा बाप साहेब झालाय. आमच्यासारख्यांशी काय बोलंल?" टोमणे मारण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही, त्यामुळे मी हसून सोडून द्यायचे. पण या उन्हाळ्यात तिने एकदा टोमणा न मारता विचारलं, "मी नकोशी झाले का गं त्याला? झाले असंल तर र्‍हाऊ दे. पण एकदा तोंडानं सांग म्हणावं." तिचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला दोघांचाही संताप आला. एक सांगणार नाही, दुसरी समजून घेणार नाही. एकाच आईची लेकरं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की पूर्ण कान झाकणारे हेडफोन लावून बघा, आणि समोरच्याचे ओठ मोठे दिसले तर आणखी सोपं जाईल. मोठा पडदा आमच्याकडे होता. बाबा ज्याच्यावर आगगाड्यांचे व्हिडिओ बघत बसतात तो जुना कॉम्प्युटर, वर कॅमेरा लावलेला. पण त्याची हेडफोनची खाच कधीच निकामी झालेली. तेव्हा बिनतारी हेडफोन घ्यायचे ठरवले, आणि त्या म्हातार्‍या कॉम्प्युटरला बिनतारी वस्तूंशी बोलता यावं म्हणून नखाएवढा एक अडॅप्टर. सिकंदराबादेतला दुकानदार म्हणाला, "पीछे लगाओ मॅडम, हो गया. बच्चा भी कर लेता." मी म्हटलं, बच्चा नाही, रिटायर्ड स्टेशन मास्तर आहेत. "फिर तो और अच्छा. टाइम रहता उनके पास."

रविवारी मी टेबलाखाली शिरून, जाळी झाडून, अडॅप्टर मागे खोचला. कॉम्प्युटरने बराच वेळ विचार करून त्याला आपलं म्हटलं. हेडफोन मात्र आधी चार्ज करायला हवे होते, आणि पुढचं काम बाबा मला करू देईनात. "जिंदगीभर यंत्रांशीच नोकरी केली मी. मला नक्को शिकवू," म्हणाले. म्हणून मी पुढच्या पायर्‍या कागदावर लिहून दिल्या. आमच्याकडे महत्त्वाचं बोलणं कागदावरच होतं. हेडफोनचं बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायला लागला की पडद्यावर हेडफोनचं नाव येईल. त्यावर क्लिक करा. बाबांनी ते सगळं मला मोठ्याने परत म्हणून दाखवलं. रेल्वेत पुढच्या स्टेशनचा निरोप आला की तो जसाच्या तसा परत म्हणायचा, समोरच्याने "बरोबर" म्हटलं की मगच होकार द्यायचा. ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली आहे. भाजीची यादीही ते मला अशीच म्हणून दाखवतात.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर हेडफोन खोक्यात परत गेले होते. "होत नाही," बाबा म्हणाले. मंगळवारी तेच. बुधवारी ते म्हणाले, "परत करून टाक. माझ्या नशिबात नाही ते." नशिबाचं नाव बाबा सहसा घेत नाहीत, त्यामुळे मला आत कुठेतरी टोचलं. पण मी दमलेली होते आणि तोंडातून निघालं, "तुम्ही कागद वाचत नाही, दुसरं काय." त्यांना ते ऐकू आलं नसावं. माझ्या चेहर्‍यावरून कळलं असावं.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, करून दाखवा. त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला, लाल, निळा, लाल, निळा. पडद्यावर हेडफोनचं नाव आलं. आणि बाबा हाताची घडी घालून स्वस्थ बसले. मी वाट बघितली. तेही वाट बघत होते. थोड्या वेळाने दिवा विझला, पडद्यावरचं नाव गेलं.

"बघ," बाबा म्हणाले.

"क्लिक का नाही केलंत?" मी खुणेने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मुलीला शिकवण्यात आपण कुठे कमी पडलो ते शोधताहेत. "लाल होता ना," म्हणाले. "लाल जायची वाट बघत होतो."

मला हसू आलं. उभ्या नोकरीत या माणसाने लाल असताना काही पुढे जाऊ दिलं नव्हतं. तीन दिवस ते रोज एकटे इथे बसले होते, बहिणीचा आवाज ऐकायला, आणि त्या टिचभर लाल दिव्याचा मान राखून रोज उठून गेले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन थोपटावं असं वाटलं, पण तसं आमच्याकडे करत नाहीत.

मी कागद ओढला. लाल सिग्नल ओलांडायचा तर ड्रायव्हरला लेखी परवानगी लागते, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. लिहिलं, 'दिवा लाल असला तरी पुढे जावे.' बाबांनी वाचलं आणि कागद माझ्यापुढे परत सरकवला.

"सही? वेळ?"

मी सही केली, वेळ टाकली. त्यांनी मजकूर म्हणून दाखवला, मी "बरोबर" म्हणून मान हलवली. मग बटण, मग लाल निळा, लाल निळा, आणि त्यांनी श्वास रोखून क्लिक केलं. दिवा निळा होऊन स्थिर झाला.

मी आत्याच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. आधी छत दिसलं, मग आत्याचं कपाळ, मग सुनेने फोन नीट धरल्यावर सबंध चेहरा. बाबा डोळे बारीक करून ऐकत होते. पहिलं वाक्य बोलले ते असं, "आक्का, तुझ्याकडं कुकरची शिट्टी झाली बघ."

"डोक्यावर काय घातलास ते?" आत्याने विचारलं. कॉम्प्युटर तिचा आवाज फक्त हेडफोनमध्येच पाठवत होता, म्हणून मी बाबांच्या डोक्याला डोकं लावून ऐकत होते.

मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. पण बाबा म्हणाले, "मला ऐकू येत नाही आक्का. दोन वर्षं झाली. फोनवर तुझं काही कळायचं नाही मला."

आत्याने फोन सुनेच्या हातातून ओढून घेतला.

"मग हौ हौ कशाला म्हणायलास?" ती म्हणाली. "दोन्ही साल मी विचारलं, भाऊबीजेला येतूस का. दोन्ही साल हौ म्हणलास. मी पाट मांडून, निरांजन लावून बसले. शेवटी चंद्राला ओवाळले, भाऊ नसल्यावानी."

बाबांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. ते मी पुसलं, आणि त्यांनी पुसू दिलं.

"आक्का," ते म्हणाले, "परत विचार."

"आता काय विचारू?"

"तेच विचार."

आत्याने पदराने तोंड पुसलं. "यंदा भाऊबीजेला येतूस का?"

बाबा खुर्चीत सरळ झाले. "'यंदा भाऊबीजेला येतूस का.' हे विचारलंस. बरोबर?"

"बरोबर."

"येतो."