धुराचं पिंप

आई मला लहानपणापासून फौजदार म्हणायची, कारण कुणाचंही बोलणं मला पहिल्या झटक्यात खरं वाटायचं नाही. दूधवाला जरा जास्त हसला की मी आधी दूध बघायचे. लातूर जिल्हा झाला, बाबांची उस्मानाबादहून नव्या कचेरीत बदली झाली, आणि शेजारच्या क्वार्टरमधले अव्वल कारकून पहिल्याच आठवड्यात दारात येऊन "वहिनी, काही लागलं तर सांगा बरं" म्हणाले. घरात सगळ्यांना आनंद झाला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

ते अहमदपूरकडच्या मोठ्या शेतीवाल्या घरातले. बायकोपोरं गावी आणि हे इथं एकटे. आम्ही चाकूरजवळच्या एका खेड्यातले बौद्ध. गावच्या हॉटेलात आजोबांना चहा मिळायचा तो वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात, आणि प्यायल्यावर तो त्यांनीच विसळायचा. बाबा म्हणायचे, जिल्हा नवा, कचेरी नवी, माणसंही नव्यानं भेटतायत, जुनं ते जुन्या जिल्ह्यात राहिलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. मला वाटायचं, नकाशावर रेघ मारल्यानं माणसं कशी काय बदलतील? पण बाबांसमोर असलं बोलायची सोय नव्हती.

पिंप आलं नांदेडहून. माझे मामा आधी फौजेत मेसमध्ये स्वयंपाकी होते आणि नंतर तेलाच्या गिरणीत लागले. पिंपात मटण टांगून धुरावर भाजायची रीत बाबांनी त्यांच्याकडून ऐकली होती. मामांनी गोड्या तेलाचं रिकामं पिंप ट्रकवर घालून पाठवलं. बाबांनी ते आतून जाळून काढलं, बुडाला भोकं पाडली, वर आडव्या सळया बसवल्या आणि त्यांना तारेचे आकडे अडकवले. तळाला कोळसा, त्यावर लाकडाचे ढलपे, मध्ये लोंबणारं मटण आणि वर झाकण. ऐकायला सोपं आहे. पहिल्या रविवारी आम्ही कडुलिंबाचं लाकूड घातलं आणि मटण पाल्याच्या काढ्यासारखं कडू झालं. दुसऱ्या रविवारी लाकूड ओलं निघालं. इतका पांढरा धूर झाला की रस्त्यावरचा माणूस आग विझवायला आला, आणि मटणाला डांबराची चव. मग हळूहळू कळत गेलं. दाट पांढरा धूर नुसता डोळ्यांतून पाणी काढतो. चव लावणारा धूर निळसर असतो, झाकणाच्या फटीतून दिसला न दिसलासा निघतो, आणि त्याला वाळलेली बाभूळच लागते.

बाभूळ आणली कारकूनकाकांनी, त्यांच्या शेतातली. तेव्हापासून रविवारी सकाळी ते आमच्या अंगणात हजर. मटणही तेच आणायचे. "तुमचं पिंप, माझं मटण," म्हणायचे. मीठ, हळद आणि येसराचा मसाला स्वतः कोरडा चोळायचे, स्वतःच आकड्याला लावायचे. झालं की गरम तुकडा ओढून खायचे आणि बोटं चाटायचे. खाणं असं की बघणाऱ्याला भूक लागावी. बाबा तर फुलून जायचे. गावाकडं गेले की पारावर सांगायचे, "आमचा अव्वल कारकून दर ऐतवारी माझ्या घरी जेवतो." भावकीतल्या म्हाताऱ्यांना ते पटायचं नाही. बाबा म्हणायचे, या, येऊन बघा. त्यांच्यासाठी हे रविवार म्हणजे आपण उगाच आशा धरली नाही याचा दाखला होता.

ती वर्षं दुष्काळाची. क्वार्टरच्या विहिरीत नुसता गाळ होता आणि टँकर आला की घागरींच्या मारामाऱ्या. पहिल्यांदा आईनं तांब्या पुढं केला तेव्हा काकांनी हात जोडले. "पाण्याचे दिवस हायत वहिनी. टँकरची वाट बघून राहिलेत तुम्ही, अन् मी इथं घटाघटा पिऊ? न्हाई बा." ताटालाही ते नाहीच म्हणाले. "ताट धुवायला पाणी कुठून आणता? पेपर द्या की." भाकरी आणि रस्सा दिला तर म्हणाले, "भाकरीनं पोट भरतं, मंग धुराची चव कळत न्हाई." आई म्हणाली, असा समजूतदार माणूस पाहिला नाही. खरं सांगते, काही दिवस मीही विरघळले होते.

मग एकदा मिरच्या वाळत घालायला मी गच्चीवर गेले. काका आमच्याकडून खाऊन नुकतेच घरी पोचले होते. मागच्या पडवीत उभे राहून ते एक तांब्या पाणी प्याले, लगेच त्यांनी दुसरा भरून घेतला. तहान चांगलीच लागली होती की! मी खाली येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "शेजाऱ्याचं पाणी वाचवतो, त्यात बी तुला खोट दिसते व्हय?" आई म्हणाली, फौजदारीण बाई, जरा दम खा.

दम खाणं माझ्या स्वभावात नव्हतं. एका रविवारी मी आधीच लसूण वाटायला बसले. काका कुंपणापलीकडून लगबगीनं आले. "वाटणात पाणी घातलं का? घालू नगस. पाणी लागलं की मटण धूर धरत न्हाई." हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की बाबा पुढं कचेरीतही तेच सांगू लागले. मी ते वाटण आमच्या भाजीत घातलं. पण लसणाची त्या माणसाला एवढी काळजी का, हे डोक्यातून जाईना.

उन्हाळ्यात मामा आले. पिंपाभोवती एक चक्कर मारून त्यांनी आत डोकावलं आणि विचारलं, "पाण्याचं भगुनं कुठंय?"

मी म्हटलं, "पाणी कशाला? पाण्यानं धूर धरत नाही ना?"

मामा हसायलाच लागले. "कुण्या शहाण्यानं सांगितलं? कोळशाच्या वर अन् मटणाच्या खाली भगुनं ठेवायचं असतंय. वाफेनं मटण वाळत न्हाई, अन् वल्या मांसालाच धूर चिकटतो. कोरड्याला काय चिकटंल, डोंबल?"

मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. आणि मला गावाकडचा हुरडा आठवला. आमच्या माणसांनी शेतात आगटी पेटवून कणसं भाजली की मालकाची माणसं शेजारी बसून हातावर चोळून खायची, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण आमच्या घरचं, आमच्या पाण्यात शिजलेलं त्यांच्यातलं कुणी तोंडात घालायचं नाही. भाजलेलं चालतं, शिजवलेलं बाटतं. सगळं गाव हे जाणून होतं. काकांना धुरातलं काही कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच.

मामा नांदेडला परतले आणि पुढच्या रविवारी काका मटण टांगून घरी गेले, बाबा आणखी कोळसा आणायला गेले, तेव्हा मी सळया जरा उचलून रांजणातल्या पाण्याचं भगुनं मटणाखाली ठेवलं. माझी शंका खोटी ठरावी असंही वाटत होतं, हेही सांगते. त्यांनी खाल्लं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.

झाकण उघडलं तेव्हा मटण तांबूस आणि ओलसर चकाकत होतं. "आज लई भारी वास सुटलाय," म्हणत काकांनी एक तुकडा ओढला आणि पेपरवर ठेवून फाडला. बाबा कौतुकानं बघत होते. घास तोंडाजवळ गेला तेव्हा मी म्हणाले, "काका, आज आत आमच्या रांजणातलं पाणी ठेवलं होतं. मामांनी सांगितलं, त्यानं धूर चांगला धरतो."

हात थांबला. त्यांनी वाकून पिंपात बघितलं. भगुन्यातलं पाणी अजून खदखदत होतं.

"मंग हे भाजलेलं कुठं राहिलं?" ते हसत म्हणाले. "शिजलंच की हे." घास त्यांनी पेपरवर परत ठेवला आणि पेपरची घडी घातली. "आज पोट बी जरा जड हाय, गड्या." एवढं बाबांकडं न बघता म्हणाले आणि कुंपणाकडून निघून गेले. आपण आणलेलं मटणही त्यांनी नेलं नाही.

मी बाबांकडं वळले. इतके महिने मी म्हणत होते ते त्यांच्या डोळ्यांदेखत खरं झालं होतं. "बघितलंत?" मी म्हणाले. माझा आवाज चढलेला होता, आणि हो, त्यात आनंदही होता.

बाबांनी झाकण परत लावलं. "मला म्हाईत नव्हतं व्हय गं?" ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यातच चहाला न्हाई म्हणला, तवाच कळलं. भाजलेलं चालंल त्याला, म्हणून तर हे पिंप मागवलं."

आई दारात उभी होती.

"एवढं तरी खायचा माझ्याकडचं," बाबा म्हणाले. "आता ते बी न्हाई."

मटण आम्ही तिघांनी खाल्लं. इतका सुंदर धूर त्याला आधी कधीच लागला नव्हता, आणि बाबाही "चांगलं झालंय" म्हणाले. पाणी ठेवल्याचा पस्तावा मला त्या दिवशी झाला नाही, आजही होत नाही. पण सगळं कळत असताना या माणसानं इतके रविवार हसत हसत पिंप पेटवलं, हे मनात आलं आणि मला घास गिळवेना. बाबांनी तांब्या माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "पी. आपलंच हाय."