निगेटिव्ह विसरा!

फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक येतं, हसतं आणि फोटो घेऊन जातं. ते हसू यावं म्हणून पडद्यामागे काय काय झालं, ते मात्र आमच्याकडेच पडून राहतं आणि वर्षानुवर्षं साठत जातं. आम्ही जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो की कोणीतरी हमखास सुरू करतं, "तो कॅमेरा आठवतो का गं?" मग पंगत उठते, मांडववाले खुर्च्या उचलायला लागतात, तरी आमचं चालूच!

तो कॅमेरा म्हणजे नंदूशेठचा डिजिटल. नंदूशेठ आमच्या बोईसरच्या स्टुडिओचे मालक. मी त्यांच्याकडे टचिंग करायचे. टचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून माणसाला देवानं दिलं त्याहून बरं करणं. पुरळ, व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं गायब! स्थळाचे फोटो तर माझं खास खातं. पालघरपासून तारापूरपर्यंत कितीतरी जणी आज सुखानं नांदतायत, त्यात माझ्या पेन्सिलीचा वाटा आहे, असं मी छातीठोकपणे सांगते.

हे सगळे फोटो निघायचे आबांच्या कॅमेऱ्यावर. आबा म्हणजे नंदूशेठचे वडील. आबा गेले, पण त्यांचा तो रोलवाला जुना कॅमेरा स्टॅण्डवर तसाच उभा होता आणि कधी एका दिवसाचीही रजा मागत नव्हता.

आणि मग आला पराग!

* * *

पराग मुंबईच्या एका कंपनीचा विक्रेता. तिशीला टेकलेला, टाय लावलेला, गालभर पुरळ. त्यानं काळ्या पेटीतून तो कॅमेरा असा काही बाहेर काढला, की नंदूशेठ उभेच राहिले.

"शेठ, प्रोफेशनल मॉडेल आहे. रोल नाही, धुणं नाही, डार्करूम नाही. दाबलं की मागच्या काचेवर फोटो हजर. आता निगेटिव्ह विसरा!"

मी आतून म्हटलं, "म्हणजे मलाही विसरा."

सौदा असा ठरला, की लग्नाच्या सीझनभर कॅमेरा वापरून बघायचा. पसंत पडला तर पाऊस लागायच्या आत पराग येणार आणि बदल्यात आबांचा कॅमेरा घेऊन जाणार. मुंबईत म्हणे शौकीन लोक असले कॅमेरे दिवाणखान्यात मांडतात. नाही पसंत पडला तर डिजिटल परत. थोडक्यात, त्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकच राहणार होता, आणि आबांचा गेला की माझी पेन्सिल त्याच्याबरोबर जाणार होती. तेव्हा मी जे सांगतेय त्यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण खोटं एक अक्षर नाही!

पहिल्या दिवशी पूजा झाली. नारळ फुटला. नंदूशेठ हळदकुंकवाचं बोट घेऊन कॅमेऱ्याभोवती फिरले. कपाळ कुठलं ते कळेना. शेवटी "पुढचं ते कपाळ" असं म्हणून त्यांनी बोट टेकवलं ते थेट लेन्सवर!

पराग किंचाळला. वहिनी, म्हणजे शेठच्या मिसेस, शांतपणे म्हणाल्या, "राहू दे हो, सवाष्ण दिसतोय."

पुसपुस पुसलं, तरी त्या आठवड्यातल्या सगळ्या फोटोंत लोक लाजल्यासारखे गुलाबी आले.

* * *

या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण काय, तर तो विचार करायचा. आबांच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की खट्ट, संपलं. याचं बटण दाबलं की तो आधी घुर्र करायचा, मग भिंग पुढे, मग मागे, मग त्याला वाटलं तर फोटो.

पालघरजवळच्या माहीमला वाडीतलं लग्न होतं. आमचा व्हिडिओ शूटिंगवाला दत्ता बरोबर होता. दत्ता घिवलीचा, घरी बोटी, पण समुद्रापेक्षा त्याला लग्नातली जिलबी प्रिय. हार घालायची वेळ आली, मित्रांनी नवऱ्या मुलाला खांद्यावर उचललं, नवरीनं टाचा उंचावल्या.

"शेट, दाबलाव?" दत्ता.

"दाबलंय रे!"

"मंग?"

"विचार करतोय."

"कोन?"

"कॅमेरा!"

नंदूशेठ ओरडले, "थांबा! कोणी हलायचं नाही!" नवरी हार वर धरून थांबली. नवऱ्याला खांद्यावर घेतलेले चौघे थांबले. नवरा चांगलाच बाळसेदार होता. एकाचा गुडघा थरथरायला लागला, दुसऱ्याच्या धोतराचा सोगा सुटला, ते सावरायला त्यानं हात काढला आणि नेमकं तेव्हा कॅमेऱ्याचं विचार करून झालं!

फोटो स्वच्छ आला. त्यात नवरा नाही. हार आहे, तो भटजींच्या गळ्यात आहे, आणि भटजी हसतायत.

* * *

"लगेच दिसतो" या गुणाचं नंदूशेठना भारी कौतुक. कारखान्यातली पोरं रविवारी गावाला पाठवायला फोटो काढायला यायची. त्यांच्यातला एक उत्तरेकडचा पैलवान गडी. शर्ट इस्त्रीचा, केसाला तेल, हातात आमच्याच स्टुडिओतला प्लॅस्टिकचा गुलाब.

फोटो काढला. नंदूशेठनी कॅमेरा फिरवून काच त्याच्यापुढे धरली. "देखो! तुरंत!"

त्यानं पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. मागच्या मित्राला दाखवलं. मग त्यालाही स्वतःचा बघायचा होता, म्हणून त्याचाही काढला. मग तिसऱ्याचा. सगळे खूश.

"बहुत बढ़िया आया, भैया!" पैलवान म्हणाला आणि निघाला.

"अरे, फोटो नहीं लेना?"

"देख तो लिया!"

वहिनी गल्ल्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "छान आहे हो मशीन. आता बाहेर पाटी लावा, आरसा फुकट."

* * *

आता त्याच्या पोटाची गोष्ट. या साहेबांना चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते त्यांना न्याहारीला पुरायचे. दुपारी पुन्हा भूक! माझी पेन्सिल सेलवर चालत नव्हती, हे मी नंदूशेठना अनेकदा ऐकवलं.

एडवणला मुलीकडचं काम होतं. हळद, पूजा असं करता करता सेल संपले. जादा आणलेलेही संपले. गावातल्या दुकानात बॅटरीचे जाडजूड सेल, ते काही आत जाईनात. नंदूशेठचा चेहरा उतरला. पुढच्या तासाला मंगलाष्टका!

"थांबा, मी बगतंय," असं म्हणून दत्ता घरात शिरला आणि पाच मिनिटांत चार सेल घेऊन आला. दोन टीव्हीच्या रिमोटमधले, एक कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरमधला, आणि एक कुठला ते आम्ही विचारलं नाही. कॅमेरा जिवंत झाला. नंदूशेठनी दत्ताला मिठी मारली.

मांडवात भटजी बसले होते, नजर ओटीवरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. कोणी विचारलं की म्हणायचे, "अवकाश आहे अजून." मंडळी वारा घेत बसली. पोरं रडायला लागली. आचारी दोनदा येऊन डोकावून गेला. "अवकाश आहे."

शेवटी नवऱ्या मुलाच्या मामानं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि भिंतीकडे पाहिलं. "भटजीबुवा, तुमचं घड्याळ चालतंय का?"

दत्ता मागच्या मागे माडांत पसार झाला.

मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. भटजींनी पंचांग उघडलं, घाम पुसला आणि गोरज मुहूर्त काढला. एवढं होऊनही नंदूशेठ आम्हाला फोटो दाखवताना काय म्हणाले? "पण शार्प किती आलेत बघा!"

शार्प आलेच होते. मागच्या भिंतीवरचं घड्याळ प्रत्येक फोटोत अगदी वाचता येत होतं. त्या अल्बममध्ये अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत सगळं लग्न एकाच मिनिटात उरकलंय!

* * *

हिराक्काचा किस्सा मात्र सांगताना मला अजून राग येतो.

हिराक्का म्हणजे दत्ताची मावशी. घिवलीहून बोईसरच्या बाजारात मासे विकायला यायची. तिचा मुलगा बाळ्या मोठ्या बोटीवर कामाला निघाला होता, महिनोन् महिने येणार नव्हता, म्हणून तिला त्याचा फोटो हवा होता. नंदूशेठनी डिजिटलवर काढला, नव्या प्रिंटरवर छापून तिथल्या तिथे हातात दिला. हिराक्का हरखली.

"आनि निगेटिव?"

"मावशी, यात निगेटिव्ह नसते."

"नसते कशी? मं उंद्या यो फाटला तं?"

त्यांच्या घरांत निगेटिव्ह तांदळाच्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवायची रीत. फोटो भिंतीवर टांगायचा, माणूस डब्यात जपायचा. नंदूशेठ हसले. पराग जे बोलला होता तेच बोलले, "निगेटिव्ह विसरा आता!"

हिराक्का बाजारात गेली. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना फोटो दाखवत होती. तिचे हात मासळीच्या पाण्यानं ओले. संध्याकाळी स्टुडिओसमोर टोपली आपटून तिनं हंबरडा फोडला, "माजा बाल्या वाऊन गेला गो! पान्यान वाऊन गेला!"

आख्खा रस्ता धावला. कोण विचारतं कुठल्या खाडीत, कोण म्हणतं पोलिसांना सांगा. एकानं तर टायर-ट्यूब आणली. गर्दीत मागून वडापाव खात बाळ्याही आला आणि शेजाऱ्याला विचारू लागला, "कोन गेला रं?"

हिराक्कानं मूठ उघडली. आत निळाजांभळा लगदा. शाई कच्ची, पाण्यानं उतरली! गर्दी हसत हसत पांगली. मीही हसले असते. पण हिराक्का हसत नव्हती.

"दुसरा काढून देतो, मावशी," नंदूशेठ म्हणाले आणि कॅमेऱ्याची बटणं दाबत बसले. दाबतच राहिले आणि शेवटी खरं सांगितलं. दुपारी कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं म्हणून त्यांनीच सगळं पुसलं होतं.

"म्हंजे माजा पोर तुमी पुसलाव?" हिराक्का म्हणाली.

मी कोणाला न विचारता बाळ्याला हाताला धरून आबांच्या कॅमेऱ्यापुढे उभं केलं. वडापावसकट! नंदूशेठनी निमूट फोटो काढला. दोन दिवसांनी हिराक्का आली. फोटो तिनं टोपलीत टाकला आणि निगेटिव्ह कापडात गुंडाळून कनवटीला लावली.

* * *

यानंतर नंदूशेठ शहाणे होतील असं तुम्हाला वाटेल. पण नवी वस्तू घेतलेल्या माणसाला शहाणं करणं सोपं नाही. समोरच्या स्टुडिओवाल्यांनी बोर्डावर "लवकरच डिजिटल" असं रंगवलं आणि शेठचं ठरलं. डिजिटल ठेवायचा, आबांचा द्यायचा.

"जग पुढे चाललंय, मंदाताई," ते मला म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण पाया पडायचा माझा स्वभाव नाही. मी पेन्सिली टोक काढून डब्यात भरल्या, माझ्या टचिंगच्या भिंगावर रुमाल टाकला आणि पराग यायच्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर झाले. म्हटलं, बघू तर, कसा नेतो!

आकाश भरून आलं होतं. पराग आला, तोच टाय, तेच पुरळ. नंदूशेठनी आबांचा कॅमेरा पुसून टेबलावर ठेवला होता. वहिनी आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. परागनं आत कापूस भरलेली मोठी पेटी उघडली, कागद पुढे केला, आणि मग पेन हातात तसाच धरून जरा घुटमळला.

"शेठ, सहीआधी एक छोटं काम होतं. माझा एक फोटो काढाल? आईनं विरारचं स्थळ बघितलंय. मुलगी बँकेत आहे. ते लोक फोटो मागतायत."

"अरे वा! हे काय विचारणं झालं?" नंदूशेठ आनंदानं उठले आणि त्यांनी डिजिटल उचलला. दिवे लावले, स्टूल सरकवलं. पराग बसला, टाय सरळ केला, केस चापले. कॅमेऱ्यानं घुर्र केलं.

"शेठ, एक मिनिट."

परागनं दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "यावर नको. त्या जुन्यावर काढा ना. जरा चांगला पाहिजे. आणि ताईंना सांगून, हे गालावरचं तेवढं..."

डिजिटल खाली ठेवून नंदूशेठनी आबांचा कॅमेरा उचलला, स्टॅण्डवर चढवला आणि रोल भरला.

खट्ट!

मी भिंगावरचा रुमाल काढला. पराग उठला, त्यानं ती मोठी पेटी रिकामीच उचलली आणि दारापर्यंत गेला. तिथून परत वळला.

"शेठ, निगेटिव्ह मिळेल ना?"