खवल्यांची खूण

आमच्या सोसायटीने जिन्यात मासे कापायला बंदी घातली, तेव्हापासून पाचूबंदरची मासेवाली मावशी दर शुक्रवारी सकाळी मासा बाजारातूनच कापून आणू लागली, आणि माझ्या वाट्याच्या एका तुकडीवर बोटभर खवलेवाली कातडी ठेवू लागली. आम्ही कोकणातले ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावाने आम्हाला शनिवार तेली म्हटलं. आम्हाला खवल्यांचाच मासा चालतो. कोळंबी नाही, मुशी नाही, शिंगाळा नाही. मी उमेळ्याला राहायला आले तेव्हा हे तिला एकदाच सांगितलं होतं. बंदी आली तेव्हा तीच म्हणाली, "आनि कापल्यावर तुला कसं कळनार टीचर, खवला व्हता का नाय?" तोडगाही तिनेच काढला. ती स्वतः ख्रिस्ती कोळीण, तिच्या घरी सगळं चालतं. एवढी समजूत मला पुढे कुणी दाखवली नाही, शिकल्यासवरलेल्यांनी तर नाहीच.

तिची नात माझ्याकडे इतिहास शिकायला यायची. बडबडी, हुशार, त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. तिच्या कॉलेजच्या मुलांनी गाझातल्या मुलांसाठी मूक निदर्शनं ठरवली, तेव्हा मी आपणहून गेले. मेलेल्या लेकरांना मी धर्म विचारत नाही. माझी धाकटी बहीण इस्राएलमध्ये असते, तिने फोनवर माझी यथेच्छ खरडपट्टी काढली. तरी गेले.

फाटकाबाहेर पोरं रांगेत उभी होती आणि मावशीच्या नातीच्या हातात फलक होता : 'त्या जर्मनाने काम अर्धवट सोडलं.'

कोणता जर्मन आणि कोणतं काम, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घराण्यात युरोप कुणी पाहिलेला नाही, पण तो माणूस इथवर पोचला असता तर त्याने आम्हाला शनिवार तेली म्हणून सोडलं नसतं. मी पोरीला हाताला धरून रसवंतीच्या बाकावर नेऊन बसवलं.

"काम म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"टीचर, रीलमध्ये होतं. सगळेच टाकतात."

"काम म्हणजे मी," मी म्हटलं. "मी उरले, ते अर्धवट."

ती फलकाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग रडली. पुठ्ठ्याचे चार तुकडे करून तिने ते उसाच्या चोथ्यात टाकले आणि म्हणाली, "आजीला नका सांगू." मी म्हटलं, "आजीलाच काय, कुणालाच नाही सांगणार." रस पिऊन आम्ही दोघी परत रांगेत जाऊन शेजारी शेजारी उभ्या राहिलो. तीस वर्षं शिकवलं, पण एवढा चांगला तास मी दुसरा घेतला नाही.

पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा, हे मला नीट माहीत आहे. तरी आधी त्या पॉडकास्टवाल्याबद्दल बोलू दे.

निदर्शनात एक ज्यू बाई होती, हे त्याला कुठूनसं कळलं. घरी आला, पाया पडला, गोड बोलला. मलाही हौस. वाटलं, जन्मात एकदा तरी कुणीतरी आमच्याबद्दल नीट विचारील. त्याचा स्टुडिओ गोखिवऱ्याला, एका गाळ्याच्या माळ्यावर; खाली प्लास्टिकची झाकणं पाडायचं मशीन. त्याने माझ्या पदराला माइक लावला आणि पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, खरं सांगा, तुमच्यात कुणी हेर आहे का?" स्वतःच हसला. मग, "तुमचे लोक जात्याच पैशात हुशार, त्याचं सिक्रेट काय?" म्हटलं, माझ्या वडिलांना विचारायला हवं होतं; रेल्वेत कारकुनी करून गेले. हे त्याने ऐकलंही नाही. मी बोलत असले की तो हातातल्या यादीत पुढचा प्रश्न शोधायचा आणि मधूनमधून "पॉवरफुल" म्हणायचा. मी आजोबांच्या घाण्याबद्दल सांगत होते, गळा भरून आला होता, तर हात वर करून म्हणतो, "मॅडम, खालचा आवाज आला. परत घेऊ. मघाशी आवंढा गिळलात ना, तोही तसाच हवा."

तेव्हाच उठायला हवं होतं. पण आपण भिडस्त.

शेवटी त्याने विचारलं, "निदर्शनात तुम्हाला भीती नाही वाटली?" आणि गप्प बसला. डोळे मऊ करून नुसता बघत राहिला. समोरच्याने ती शांतता भरून काढावी म्हणून असं करतात. कॉपी करणाऱ्या पोरांवर मी हीच युक्ती वर्षानुवर्षं वापरली, आणि साठी उलटल्यावर स्वतः तिला फसले. फलकाची गोष्ट सांगून मोकळी झाले. तो म्हणाला, "कोण होती ती मुलगी?" मी म्हटलं, "आमच्या पाचूबंदरच्या मासेवालीची नात." अभिमानाने म्हटलं. पोरीने स्वतःच्या हाताने फलक फाडला, याचं मला कौतुक सांगायचं होतं.

त्याने फाडणं कापलं, रडणंही कापलं. उरला फलक, माझा आवंढा आणि मासेवालीची नात.

मी नाव घेतलं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस ऐकवलं. पाचूबंदरात नाव लागतं कुणाला? दोन दिवसांत पोरीचे फोटो फिरले. तिला शिव्या घालणाऱ्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना कोळ्याची, ख्रिस्त्याची पोर हवी होती, ती आयती मिळाली. दुसरे त्याहून भयंकर. त्यांनी तिची पाठ थोपटली, शाब्बास म्हटलं, राहिलेलं काम या मॅडमपासून सुरू करा म्हटलं. पोरीने कॉलेजला जाणं सोडलं. माझा फोन ती उचलेना. मी पॉडकास्टवाल्याला फोन करून म्हटलं, कापलेलं सगळं दाखव, निदान ते काढून तरी टाक. तर म्हणाला, "मॅडम, रीच बघा ना! आपण पार्ट टू करू. तिलाही आणा, समोरासमोर बसवू." मी त्याला जे बोलले ते शाळेत कुणाला बोलले नव्हते. त्याने शांतपणे विचारलं, "हे रेकॉर्डवर म्हणाल?"

त्याचा मला राग आहे आणि मरेपर्यंत राहील. पण पोरीला शब्द त्याने दिला नव्हता, मी दिला होता.

तीन शुक्रवार मावशी आली नाही. चौथ्या शुक्रवारी आली. एरवी उंबऱ्यात टेकायची, अर्धा कप चहा घ्यायची. उभ्या उभ्याच तिने पिशवी पुढे केली. मी ताटात मासा ओतला. सगळ्या तुकड्या सोललेल्या, गुळगुळीत.

"मावशी, खूण?"

"रावस हाय."

"हो, पण..."

"मी सांगतंय ना, रावस हाय. माज्या शब्दावर इस्वास ठेवा." ती मला तीस वर्षं 'तू' म्हणत आली होती. "माज्या पोरीनं ठेवला व्हता तुमच्यावर."

मी पोरीची माफी मागायला येते म्हटलं. "नको," ती म्हणाली. पाटी डोक्यावर चढवून जिना उतरून गेली.

रावसच होता. जन्म मासे खाण्यात गेला, वासावरून कळतं मला. तरी मी ओट्याशी उभी राहून एकेक तुकडी उलटसुलट करत खवला शोधत राहिले. एकही नव्हता. तिने नीट बघून काढले होते.